डेटाबेसची टूल्स स्क्रीन रीडरवर: काय बोलतं, काय मुकं राहतं

बिंदुलिपी

नमस्कार मंडळी. मी पूर्ण दृष्टिहीन आहे, पुण्यात डेटाबेस डेव्हलपर म्हणून नोकरी करतो आणि दिवसभर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे संगणकावर काय आहे ते बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करतो. "दिसत नसेल तर एसक्यूएलचं काम जमतं का?" हे मला विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, मुलाखतीला समोर बसलेले लोकही विचारतात. जमतं. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा; तिच्यातले सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, जॉइन ही सगळी अक्षरं आहेत आणि ती ऐकून समजतात. अडतं ते ज्या खिडकीत ती लिहायची आणि ज्या खिडकीत निकाल वाचायचा तिथे. त्याबद्दल मराठीत एका जागी काही सापडत नाही, म्हणून हा धागा.

आधी डोळस मित्रांसाठी थोडं. स्क्रीन रीडर पडदा बघत नाही. तो विंडोजला विचारतो: आत्ता फोकस कशावर आहे, त्याचं नाव काय, ते बटण आहे की यादी, त्यात काय लिहिलंय. उत्तर द्यायचं काम त्या त्या प्रोग्रामचं असतं, आणि ते यूआय ऑटोमेशन, आयअ‍ॅक्सेसिबल२, जावा अ‍ॅक्सेस ब्रिज अशा ठरलेल्या वाटांनी येतं. टूल बनवणाऱ्याने विंडोजची तयार बटणं, तयार याद्या वापरल्या की बहुतेक उत्तरं आपोआप मिळतात. स्वतः रेषा ओढून, अक्षरं रंगवून चौकट उभी केली की उत्तरंही स्वतःच लिहून द्यावी लागतात, आणि नेमकी तीच लिहायची राहून जातात.

क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा, निकाल रांगा-कॉलमांत दाखवणारी ग्रिड बहुधा अशी रंगवलेली असते. त्याला कारण आहे. निकालात लाखभर रांगा येऊ शकतात, प्रत्येक कप्प्याला वेगळा कंट्रोल बनवला तर मशीनच बसेल. म्हणून पडद्यावर जेवढं मावतं तेवढंच रंगवतात. मग होतं असं की एडिटर बोलतो, मेनू बोलतो, क्वेरी चालते, आणि उत्तर यायच्या जागी एनव्हीडीए "पेन" (खिडकीतली एक बिननावाची चौकट) एवढंच म्हणून थांबतो.

यावरचा माझा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे निकाल ग्रिडमध्ये न घेता मजकुरात घेणे. एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओत कंट्रोल टी दाबलं की पुढच्या क्वेरीचा निकाल साध्या मजकुरात येतो, कंट्रोल शिफ्ट एफ दाबलं तर फाइलमध्ये जातो, कंट्रोल डीने परत ग्रिड. मजकुरात एका कॉलमची २५६च अक्षरं दिसतात, ती मर्यादा ऑप्शन्समध्ये 'रिझल्ट्स टू टेक्स्ट' खाली वाढवून घ्या, नाहीतर लांब शेरा मधेच तुटतो आणि डेटाच तुटका आहे असं वाटतं. ओरॅकलच्या एसक्यूएल डेव्हलपरमध्ये कंट्रोल एंटरऐवजी एफ५ दाबलं की निकाल स्क्रिप्ट आउटपुटमध्ये मजकूर म्हणून येतो. तिथेच सिलेक्टच्या पुढे कॉमेंटच्या खुणांत सीएसव्ही लिहिलं तर स्वल्पविरामांनी वेगळा केलेला निकाल मिळतो. हे टूल जावा स्विंगमध्ये लिहिलेलं आहे, त्यामुळे आधी कमांड प्रॉम्प्टवर 'जॅबस्विच हायफन एनेबल' चालवून जावा अ‍ॅक्सेस ब्रिज सुरू करावा लागतो. हे कुणी सांगत नाही, आणि नवीन माणूस टूल मुकंच आहे असं समजून सोडून देतो.

पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड लाइन टूलबद्दल थोडं सविस्तर, कारण फरक ऐकण्यासारखा आहे. नेहमीच्या मांडणीत एक रांग अशी ऐकू येते: "चार बार देशपांडे बार सातारा बार रिकामं बार शून्य". बार म्हणजे दोन कॉलमांमधली उभी रेघ. पाचवा कॉलम कुठला होता? शीर्षकाच्या ओळीवर वर जा, बार मोजा, परत खाली या. तिथे बॅकस्लॅश एक्स टाइप करून तीच क्वेरी परत चालवली की प्रत्येक रांग उभी होते: "रेकॉर्ड एक. आयडी चार. आडनाव देशपांडे. तालुका सातारा." कॉलमचं नाव आणि त्याची किंमत एकाच ओळीत. मायएसक्यूएलमध्ये क्वेरीच्या शेवटी अर्धविरामाऐवजी बॅकस्लॅश आणि मोठा जी दिला की हेच होतं, एसक्यूलाइटमध्ये डॉट मोड लाइन. पीएसक्यूएलमध्ये नलच्या (किंमतच भरलेली नाही अशा कप्प्याच्या) जागी डीफॉल्टला काहीच छापलं जात नाही, तेव्हा बॅकस्लॅश पीसेट नल वापरून तिथे 'नल' हा शब्दच ठेवा. रिकामी स्ट्रिंग आणि नल यांतला फरक कानाला दुसऱ्या कुठल्या रीतीने कळत नाही.

कोण काय वापरतं ते लिहा. अडचणीही लिहा.

पंचगंगा

दादा, खूप आभार. मी कोल्हापूरला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मलाही दिसत नाही. एसक्यूएल मला येतं, पण प्रॅक्टिकलला ईआर डायग्राम (टेबलं आणि त्यांच्यातली नाती दाखवणारी आकृती) काढायची असते आणि लॅबमध्ये माउसने चौकोन ओढायचं टूल आहे. सर म्हणतात तू तोंडी सांग, मी मार्क देतो. पण मला तोंडी नको आहे. बाकीच्या मुली जे करतात तेच मला करून दाखवायचं आहे. काही मार्ग आहे का?

जुनी_नोंद

पंचगंगा, मार्ग आहे, आणि तुझा हट्ट मला मनापासून आवडला.

आकृती मजकुरात लिहिता येते. मर्मेड नावाची एक पद्धत आहे, तिच्यात तू नोटपॅडमध्ये ओळी लिहायच्या: ग्राहक, मग नात्याची खूण, मग ऑर्डर, मग नात्याचं नाव. खालच्या ओळींत प्रत्येक टेबलाचे कॉलम. ती फाइल दिली की चौकोन आणि रेषा प्रोग्राम काढतो आणि सरांना नेहमीसारखं चित्र दिसतं. 'एकाला अनेक'ची खूण उभ्या दोन रेघा, दोन हायफन, लहान ओ आणि महिरपी कंस अशी असते. ती नीट ऐकू यावी म्हणून एनव्हीडीए आणि पी दाबून विरामचिन्हांची पातळी 'ऑल'वर ने. ज्याला हे जमतं त्याला नाती पाठ असतात, कारण चौकोन सरकवत बसायची सोय नसते, आधी डोक्यात रचना पक्की करावी लागते.

दुसऱ्याने केलेली रचना समजून घ्यायची असेल तर चित्राच्या वाटेला जाऊच नकोस. डेटाबेस स्वतःची रचना जिथे नोंदून ठेवतो त्या इन्फर्मेशन स्कीमाला विचार. कुठलं टेबल कुणाकडे बोट दाखवतं ते की कॉलम युसेज आणि रेफरेन्शियल कन्स्ट्रेंट्स या दोन व्ह्यूंच्या जॉइनमधून मिळतं. ती क्वेरी एकदा लिहून फाइलमध्ये ठेव, आयुष्यभर उपयोगी पडेल. पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश डी आणि टेबलाचं नाव दिलंस तरी शेवटी फॉरिन की (दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारे कॉलम) ऐकायला मिळतात, आणि 'रेफरन्स्ड बाय' खाली उलट्या दिशेच्याही.

आणि सरांना सांग की हा उपकार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम १६ वाचायला दे. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची असते.

काळा_पडदा

मी अंशतः दृष्टिहीन, लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीन रीडर वापरतो. स्पष्टच लिहितो. या रंगवलेल्या टूल्सच्या मागे लागून आपण वेळ का घालवायचा? टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या मजकुराच्या कमांड खिडकीत, सगळं होतं. तयार क्वेरी फाइलमध्ये, निकाल फाइलमध्ये, वाचायला आवडता एडिटर. टी. व्ही. रामन पुण्याचे, वाडिया कॉलेजात शिकले, पुढे आयआयटी मुंबई आणि कॉर्नेल. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली होती. त्यांनी १९९५ मध्ये ईमॅक्स या एडिटरला बोलतं करणारं ईमॅकस्पीक आणलं, ते आजही चालतं. ईमॅक्समध्ये एसक्यूएलचं सेशन उघडलं की क्वेरी एका बफरमध्ये आणि उत्तर दुसऱ्यात, दोन्ही बोलतात. कुणाच्या दारात सुधारणेसाठी उभं राहायला नको.

बिंदुलिपी

काळा_पडदा, टर्मिनल मीही रोज वापरतो आणि रामन सरांबद्दल तुमच्याइतकाच आदर आहे. पण 'मागे लागू नका' हे मला मान्य नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

आपण घरी किंवा स्वतःच्या प्रकल्पावर असतो तेव्हा टूल आपण निवडतो. नोकरीत ते आपल्या हातात नसतं. माझ्या आधीच्या कंपनीत (नाव घेत नाही) खऱ्या डेटाबेसपर्यंत जायचा एकच रस्ता होता: रिमोट डेस्कटॉपने एका बंदिस्त सर्व्हरवर जायचं आणि तिथे मंजूर केलेलं एकच टूल वापरायचं. रिमोट डेस्कटॉपवर पलीकडचा पडदा इकडे चित्र म्हणून येतो. माझ्या लॅपटॉपवरच्या एनव्हीडीएला त्या चित्रात काहीच ऐकू येत नाही. पलीकडे एनव्हीडीए बसवू द्या म्हटलं तर सुरक्षा विभागाने नकार दिला. कारण विचारलं तर 'अनोळखी सॉफ्टवेअर'. मी महिनोन्‌महिने टेस्टच्या डेटाबेसवर स्क्रिप्ट लिहीत होतो आणि खऱ्या डेटाबेसवर ती माझ्या नावाने दुसरं कुणीतरी चालवत होतं. काही बिघडलं तर निकाल मला फोनवर वाचून दाखवायचे. त्या काळात माझी बढती हुकली. टर्मिनल मला येत होतं. त्याने तिथे काही फरक पडला नाही.

आता काय करता येतं ते लिहितो, कारण यात बरंच सुधारलंय. एनव्हीडीएच्या २०२५.१ आवृत्तीपासून रिमोट अ‍ॅक्सेस मुळातच आत आहे, वेगळं अ‍ॅड-ऑन लागत नाही. दोन्हीकडे एनव्हीडीए असेल तर पलीकडचं बोलणं मजकूर म्हणून येतं आणि इकडच्या आवाजात ऐकू येतं. बसवायला परवानगी नसेल तर एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत फोल्डरमधून चालते. तेही नको म्हणाले तर विंडोजचा स्वतःचा नॅरेटर आहे, विंडोज कंट्रोल एंटर. रिमोट डेस्कटॉपमध्ये आवाज इकडे आणायचं सेटिंग चालू ठेवायचं, थोडा उशिरा येतो पण येतो. जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर असेल तर रिमोट सेशनसाठी त्याची स्वतःची सोय आहे, परवाना महाग पडतो. आणि सगळ्यात सरळ मागणी ही: मला त्या सर्व्हरवर एसएसएच (टर्मिनलमधून दूरच्या सर्व्हरवर जायची सुरक्षित वाट) द्या. एसएसएचमधून येतो तो मजकूर, चित्र नाही, त्यामुळे तो माझ्याच टर्मिनलमध्ये माझ्याच आवाजात वाचला जातो. लॉगही पूर्ण राहतो, सुरक्षावाल्यांना तोच हवा असतो. सध्याच्या ठिकाणी याच मुद्द्यावर परवानगी मिळाली.

कलम_एकवीस

बिंदुलिपी, तुमचा अनुभव वाचून अस्वस्थ झालो. मी वकिली करतो, दिव्यांग हक्कांची प्रकरणं बघतो. दोन गोष्टी कामाच्या.

खासगी कंपनी म्हटली की लोक समजतात कायदा लागू नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम २१ प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतं, आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात सहायक साधनं आणि अडथळाविरहित सोय यांचा उल्लेख लागतो, शिवाय संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. नोकरी लागताच ते धोरण लेखी मागा. टूल चालत नाही ही तक्रार टीम लीडकडे तोंडी करण्याऐवजी त्या धोरणाचा हवाला देऊन ईमेलने करा.

दुसरं मानकाबद्दल. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे युरोपच्या ईएन ३०१ ५४९ वर बेतलेलं आहे, पहिला भाग २०२१ चा, दुसरा २०२२ चा. ते फक्त वेबसाइटींपुरतं नाही, सॉफ्टवेअरलाही लागू होतं. २०२३ मध्ये ते नियमांत आलं. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवता येणार नाहीत, किमान अटी बंधनकारक हव्यात, असं म्हटलं. सरकारी खात्याला किंवा बँकेला सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीशी बोलताना हे कामी येतं.

हिंजवडी_फेज_दोन

मी डोळस आहे. आमची टीम कंपनीच्या आतल्या वापरासाठी क्वेरी चालवायचं टूल बनवते, डॉट नेटमध्ये. ग्रिडचा घटक बाहेरून विकत घेतलेला आहे. धागा वाचून लगेच एनव्हीडीए उतरवून घेतला आणि आमच्याच टूलवर चालवला. काय बोलतोय ते मला कळेना, फार भरभर जातं. डोळस माणसाने हे तपासायचं कसं? आणि विकत घेतलेल्या ग्रिडमध्ये आपण काय करू शकतो?

जुनी_नोंद

तपासण्यासाठी एनव्हीडीएच्या मेनूत टूल्सखाली 'स्पीच व्ह्यूअर' आहे. जे बोललं जातं ते सगळं एका खिडकीत लिहून येतं. वेग कमी करायची गरजच नाही. माउस काढून ठेवा, टॅबने फिरा आणि त्या खिडकीत बघत राहा. ज्या ठिकाणी नुसतं 'पेन' किंवा 'बटण' येतं आणि पुढे नाव नाही, ते ठिकाण आमच्यासाठी बंद आहे. मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्सेसिबिलिटी इनसाइट्स फुकट मिळतं, त्यात प्रत्येक घटकाचं नाव आणि भूमिका झाडासारखी दिसते.

विकतच्या ग्रिडमध्ये बहुधा सुगम्यतेचं सेटिंग असतं आणि ते वेगासाठी बंद ठेवलेलं असतं. कागदपत्रांत शोधा. विक्रेत्याकडे व्हीपीएटी अहवाल (उत्पादन कितपत सुगम्य आहे ते सांगणारा) मागा, आणि 'पार्शियली सपोर्ट्स' लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढची टीप वाचा, खरी माहिती तिथे दडलेली असते. काहीच मिळालं नाही तर ग्रिडशेजारी 'मजकूर म्हणून दाखवा' हे एक बटण द्या. साधा, फक्त वाचायचा टेक्स्टबॉक्स, एका ओळीत कॉलम आणि किंमत. डीबीव्हरमध्ये निकाल मजकुराच्या रूपात बघायची सोय आहे, तिचा मला ग्रिडपेक्षा जास्त उपयोग होतो.

आता एक्झिक्युशन प्लॅनबद्दल, म्हणजे डेटाबेस क्वेरी कुठल्या टप्प्यांनी चालवतो त्या आराखड्याबद्दल, लिहिते, कारण वरिष्ठ पदाला तोच प्रश्न येतो. बाणांचं चित्र आम्हाला मिळत नाही, पण प्लॅन मुळात मजकूरच आहे. एसक्यूएल सर्व्हरला सेट स्टॅटिस्टिक्स प्रोफाइल ऑन केलं की रांगा, किती वेळा चाललं आणि अंदाज किती होता हे कॉलमांत येतं. पोस्टग्रेसला एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ. त्यात कुठला टप्पा कुणाच्या पोटात आहे ते समासावरून कळतं, म्हणून एनव्हीडीएच्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये ओळीचा समास 'टोन्स'वर ठेवा. जितकं आत जाल तितका सूर चढतो. मग शब्दांकडे लक्ष देता येतं आणि रचना सुरावर कळत राहते.

ऐकताना मी अंदाजाच्या रांगा आणि प्रत्यक्ष रांगा यांची जोडी पकडते. समजा अंदाज १२ आणि प्रत्यक्षात ४८,००० आलं, तर तिथेच थांबा, डेटाबेसने टेबलाबद्दल साठवलेली आकडेवारी जुनी झालेली असू शकते; ती ताजी करायला अ‍ॅनलाइझ चालवून बघा. लूप्स (तो टप्पा किती वेळा चालला) हा आकडा सोडू नका: प्रत्यक्ष रांगा दर फेरीच्या सरासरीने दिलेल्या असतात, त्यांना लूप्सने गुणायचं असतं. डोळस सहकारी जाड बाण शोधत असतात, तोवर मी गुणाकार करून मोकळी होते.

पंचगंगा

ताई, मर्मेडने चित्र निघालं! वर्गातल्या मुलींनीही ते शिकवायला सांगितलं. अजून एक विचारते. आमच्या प्रोजेक्टच्या टेबलात मराठी नावं आहेत. इंग्रजी आवाजात ती नीट वाचली जात नाहीत आणि मराठी आवाज लावला तर एसक्यूएल विचित्र ऐकू येतं.

बिंदुलिपी

पंचगंगा, अभिनंदन!

ईस्पीक या बोलणाऱ्या आवाजाच्या इंजिनात मराठी आहे. एनव्हीडीएत कॉन्फिगरेशन प्रोफाइल बनव: क्वेरी लिहायच्या एडिटरला इंग्रजी आवाज, निकालाची फाइल उघडायच्या नोटपॅडला मराठी. प्रोफाइल प्रोग्रामला जोडता येतं, खिडकी बदलली की आवाज आपोआप बदलतो.

मराठी डेटा निघालाच आहे तर हे सगळ्यांसाठी. आमच्याकडे कऱ्हाडच्या नोंदी दोन गटांत येत होत्या. ग्रुप बाय केलं की कऱ्हाड दोनदा. टीममधले डोळस लोक दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघत होते, अगदी सारख्या दिसत होत्या. मी एकेका अक्षरावर जाऊन नमपॅडचा दोन तीनदा दाबला, तसं केलं की एनव्हीडीए अक्षराचा आकडा सांगतो. एका ओळीत 'क'नंतर २३५३, म्हणजे नुक्त्याचा ऱ. दुसऱ्या ओळीत २३५२, मग हलन्त, मग ८२०५. हा ८२०५ म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, डोळ्यांना न दिसणारं अक्षर. अर्ध्या र-ची तीच आडवी खूण दोन कीबोर्डांनी दोन तऱ्हेने लिहिलेली, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. एका तऱ्हेला दुसरीत बदलणारं रिप्लेस लिहून डेटा भरतानाच लावलं. कुणाच्या डेटात कऱ्हाड, गोऱ्हे, तऱ्हा असे शब्द असतील तर आजच तपासा.

काळा_पडदा

हे माहीत नव्हतं. आमच्या जिल्ह्याच्या याद्यांत बघतो. आणि रिमोट डेस्कटॉपबद्दल तुमचं पटलं, मी स्वतःच्या मशीनवर काम करत असल्याने तो कोन माझ्या डोक्यात आला नव्हता. व्हीएस कोड या एडिटरबद्दल कुणाचं मत? मायक्रोसॉफ्टने अझूर डेटा स्टुडिओला २८ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच आधार ठेवला आणि लोकांना व्हीएस कोडच्या एमएसएसक्यूएल एक्स्टेंशनकडे जायला सांगितलं.

जुनी_नोंद

व्हीएस कोडचा एडिटर उत्तम बोलतो. ऑल्ट एफ१ने त्या त्या जागेची मदत, ऑल्ट एफ२ने तोच मजकूर साध्या वाचनाच्या खिडकीत, एफ८ने पुढच्या चुकीवर. एक्स्टेंशनांचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं, नवीन आवृत्ती आली की परत तपासावं लागतं. त्यामुळे मी जुनी आवृत्ती लगेच काढत नाही.

हिंजवडी_फेज_दोन

कळवायला आलो. ग्रिडमधलं सुगम्यतेचं सेटिंग खरंच बंद होतं. चालू केल्यावर कप्पे बोलतात, कॉलमचं नावही येतं. मजकुराचं बटणही दिलं. आता एक अडलंय: क्वेरी संपली हे कसं कळवायचं? आमच्याकडे खाली कोपऱ्यात हिरवी पट्टी येते. फोकस निकालावर नेऊ का?

बिंदुलिपी

फोकस नेऊ नका, कृपया. क्वेरी चालू असताना मी एडिटरमध्ये पुढची ओळ लिहीत असतो. फोकस उडाला तर अक्षरं भलतीकडे जातात, आणि ग्रिड दुरुस्त करता येण्यासारखी असेल तर डेटाच बदलतो. यूआय ऑटोमेशनमध्ये नोटिफिकेशन इव्हेंट आहे, तो पाठवा, एनव्हीडीए जागच्या जागी बोलतो. वाक्य छोटं ठेवा: "३१२ रांगा, दोन सेकंद". चूक असेल तर आधी ओळीचा क्रमांक, मग निरोप. आणि निकालावर जायला एक शॉर्टकट द्या, परत एडिटरवर यायलाही तोच. बिल्ड तयार झाला की मला पाठवा, मी तपासून इथेच लिहितो.